नानांना अर्धंच सांगितलंय

आलेल्या पत्राचा सारांश: पत्र इंदूरच्या एका ताईंचं आहे. वय ४१, शाळेत शिक्षिका. घरात नवरा, मुलगा आणि ७१ वर्षांचे सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात, ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. जानेवारीत नानांना फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि न्यूमोनिया झाला. नऊ दिवस रुग्णालयात काढले, त्यातले पाच ऑक्सिजनवर. घरी आल्यावर अकराव्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली आणि सुजली. पडून राहून पाय आखडला असेल असं वाटून ताईंनी तीन रात्री कोमट तिळाच्या तेलाने तो चोळून दिला. चौथ्या दिवशी जिना चढताना नानांना धाप लागली. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या शिरेत मांडीपर्यंत गेलेली गुठळी दिसली, सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक लहान गुठळी निघाली. एपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी दिवसातून दोनदा, निदान तीन महिने घ्यायला सांगितली आहे.

आता सहावा आठवडा चालू आहे. पायाची सूज उतरली. ब्रश करताना नानांच्या हिरड्यांतून रक्त येतं, पलंगाचा कोपरा लागला तर दंडावर निळा डाग उमटतो. ‘ही गोळीच मला घेऊन जाईल’ असं ते म्हणतात आणि संध्याकाळची गोळी टाळतात. पुण्याचे मोठे दीर फोनवरून सांगतात की त्यापेक्षा अ‍ॅस्पिरिन द्या, तेही रक्त पातळ करतं. ताईंचे यजमान म्हणतात, गोळी कुटून ताकातून दे, त्यांना कळणारही नाही. फुप्फुसातल्या गुठळीबद्दल नानांना कुणीच बोललेलं नाही. सीटीची फिल्म ताईंनी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. एप्रिलच्या मध्यावर पुण्याला नातीचं लग्न आहे आणि नाना जाणारच म्हणतात. गोळी न सांगता द्यावी का, लग्नाला न्यावं का, आणि आपण तेल चोळलं म्हणून हे सगळं झालं का, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं, तेव्हा गुठळी, गोळी आणि हिरड्या एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्याशी थांबले: ‘नाना घाबरतील म्हणून छातीचं काही बोललो नाही.’ दिरांचं अ‍ॅस्पिरिन, ताकातली गोळी, रोज संध्याकाळची कटकट, हे सगळं मला तरी त्या एका वाक्यातून निघालेलं दिसतं.

जरा नानांच्या खुर्चीत बसून बघा. ताप गेला, खोकला गेला, ऑक्सिजन सुटला. ‘पायाच्या शिरेला सूज आहे’ असं त्यांना सांगितलं होतं, ती सूजही उतरली. गोळी मात्र चालूच आहे, आणि ती सुरू झाल्यापासून सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये लाल दिसतं. असा माणूस गोळी नको म्हणाला तर त्याला हट्टी कसं म्हणायचं? तुम्ही त्यांच्यापुढे जेवढं ठेवलंत तेवढ्यावरून त्यांनी बरोबर हिशेब केला आहे. हिशेबातली मोठी रक्कमच तुम्ही लपवली आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ताकातून गोळी देऊ नका.

औषध म्हणून विचाराल तर एपिक्साबॅनची गोळी कुटून पाण्यातून देता येते. ज्यांना गिळता येत नाही त्यांना आम्ही अशीच देतो. मला भीती वेगळीच आहे. एखाद्या संध्याकाळी नानांनी मनाने गोळी घेतली आणि रात्री तुमचं ताकही प्यायलं, तर दोन गोळ्या झाल्या. उद्या ते न्हाणीघरात घसरले, डोकं आपटलं आणि तुम्ही शाळेत असाल, तर रुग्णालयात पहिला प्रश्न येईल, ‘रक्त पातळ करायचं काही चालू आहे का?’ नाना सांगतील, ‘छे, मी ती कधीच सोडली.’ त्या एका उत्तरावर डॉक्टर चुकीच्या रस्त्याने जाऊ शकतो. दाढ काढायला गेले तरी तेच. आणि एके दिवशी पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ दिसेल. त्यानंतर ते तुमच्या हातचं काहीच विश्वासाने खाणार नाहीत, आणि ही जखम गुठळीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

तेव्हा नानांना खरं सांगायचं. पण आधी ते तुम्हाला नीट माहीत हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

फ्लू म्हणजे नाकाघशाचा आणि छातीचा आजार, ताप उतरला की संपला, असं आपण धरून चालतो. रक्ताच्या बाबतीत तसं होत नाही. विषाणूशी लढताना शरीर जी आग पेटवतं तिची झळ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागते. एरवी हे अस्तर गुळगुळीत असतं, रक्ताला चिकटू देत नाही. सुजलं की ते गुठळीला थारा देतं. त्याच दिवसांत यकृत फायब्रिनोजेन जास्त बनवतं, म्हणजे ज्या धाग्यांनी गुठळी विणली जाते त्यांचा कच्चा माल. त्यात माणूस पलंगावर पडून. पायांतलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चालणंच बंद झालं तर ते रक्त तिथेच रेंगाळतं. आजारपणात पाणीही कमी पोटात जातं.

जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खो या डॉक्टरांनी १८५६ च्या सुमारास या विषयावर मोठं काम केलं. रक्ताचा वेग मंदावणं, वाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचीच साकळण्याकडे ओढ वाढणं, ही तीन कारणं आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा तिथली नसते, पायाच्या शिरेतून सुटून हृदयातून तिथे पोचते, हेही त्यांनीच दाखवलं. नानांच्या बाबतीत तिन्ही कारणं एका महिन्यात जमली. त्यांचा पायाचा आजार आणि छातीचा आजार हे दोन आजार नव्हेत, एकच आहे. ‘पायाला सूज होती, ती गेली’ हे अर्धं सत्य म्हणूनच धोक्याचं आहे.

कोविडने हे सगळ्या जगाला दाखवून दिलं. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या तीन रुग्णालयांनी अतिदक्षता विभागातल्या १८४ कोविड रुग्णांची माहिती छापली. गुठळी होऊ नये म्हणून औषध चालू असतानाही त्यांतल्या ३१ टक्के रुग्णांत गुठळीचा काही ना काही त्रास आढळला होता. पुढे २०२२ मध्ये स्वीडनमधला १० लाखांहून जास्त कोविड रुग्णांचा अभ्यास आला. पायातल्या गुठळीचा धोका आजारानंतर ३ महिने आणि फुप्फुसातल्या गुठळीचा ६ महिने वाढलेला दिसला. रक्तस्रावाचा धोकाही २ महिने वाढलेला होता, तेही सांगायला हवं. फ्लूचा जोर याबाबतीत कोविडएवढा नसतो, पण रीत तीच. श्वसनाच्या साध्या संसर्गानंतरही काही काळ पायातल्या गुठळीचं प्रमाण वाढतं, हे ब्रिटनमधल्या २००६ च्या एका अभ्यासाने कोविडच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. घरीच चार दिवसांत बऱ्या झालेल्यांनी हे वाचून धास्ती घेऊ नये, त्यांच्यात हे फार क्वचित होतं. जो रुग्णालयात आडवा पडला, ज्याला ऑक्सिजन लागला, ज्याचं वय जास्त किंवा वजन जास्त, ज्याला कर्करोग आहे किंवा पूर्वी गुठळी होऊन गेली आहे, त्याच्या घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

आता तेलाचं.

२०२१ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. दुसरी लाट ओसरत होती, इंदूरमध्ये खाटा नुकत्या मिळू लागल्या होत्या. पन्नाशीच्या एका गृहस्थांना मी स्वतः घरी सोडलं. कागदावर औषधं लिहिली, पथ्य लिहिलं, ऑक्सिजन किती खाली आला तर परत या तेही लिहिलं. पायाबद्दल एक ओळ लिहायची राहिली. बारा दिवसांनी त्यांची मुलगी तोच कागद घेऊन आली, एकटी. म्हणाली, ‘बाबांची पोटरी दुखत होती, आम्ही गरम पाण्याची पिशवी देत होतो. ते तुम्हाला सांगायला हवं होतं का?’ मी तिला म्हटलं, ‘मी तुम्हाला सांगायला हवं होतं.’ त्यानंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदावर ती ओळ असायची.

तुमच्याही डिस्चार्जच्या कागदावर ती नसणार, असती तर तुम्ही तेलाची वाटी गरम केलीच नसती. चोळल्यामुळेच गुठळी सुटली असं कुणीही डॉक्टर खात्रीने सांगू शकणार नाही. न चोळताही ती सुटते, रोज सुटते. दुखऱ्या पायाला तेल लावणं ही आपल्या घरांतली माया आहे आणि तुम्ही तीच केलीत. यापुढे मात्र तुम्ही आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: आजारपणानंतर एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर चोळायचा नाही, शेकायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.

दोन्ही पाय सुजले तर कारणं बहुधा वेगळी असतात, एकच पाय सुजणं हे जास्त बोलकं. शिवणाच्या डब्यातली टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो तिथून १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण करा, दोन्ही पायांवर, आणि तिथला घेर मोजा. दोन्हींत ३ सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर आम्ही डॉक्टरही तो गांभीर्याने घेतो. फरक त्याहून कमी आहे पण पोटरी दुखतेय, तरी दाखवायचंच. पुढची तपासणी डॉपलर सोनोग्राफीने होते, सुईसुद्धा टोचत नाहीत. आणि अचानक धाप लागली, श्वास आत घेताना छातीत टोचलं, थुंकीतून रक्त आलं, माणूस भोवळ येऊन पडला, तर टेप शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.

आता गोळीबद्दल. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव आपण डॉक्टरांनीच पाडलं आणि त्याने फार घोटाळा केला. रक्त पाण्यासारखं होतं असं लोकांना वाटतं. तसं काही होत नाही, रक्ताची दाटी तीच राहते. रक्त साकळायची जी साखळी असते तिची एक कडी ही गोळी अडवून धरते, त्यामुळे आहे ती गुठळी वाढत नाही आणि नवी सहसा होत नाही. जुनी गुठळी विरघळवायचं काम शरीर स्वतःच करतं, हळूहळू, काही आठवडे, काही महिने. गोळी फक्त त्याला तेवढी सवड मिळवून देते. सूज उतरली म्हणजे रक्ताला वाट मिळाली. गुठळी पुरती गेली असा त्याचा अर्थ नाही.

या गोळीचा रक्तातला अंमल साधारण १२ तासांत निम्म्यावर येतो, म्हणून ती दोनदा असते. रोज संध्याकाळची चुकली तर नाना रात्रभर जवळजवळ उघड्यावर असतात. चुकलीच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा एक घ्यायची, पुढची ठरलेल्या वेळी. दोन एकदम कधीच नाही. आणि नेमकी संध्याकाळचीच गोळी सुटत असेल तर तेच डॉक्टरांना सांगा. रिव्हरॉक्साबॅन नावाची याच जातीची गोळी पहिल्या तीन आठवड्यांनंतर दिवसातून एकदाच, जेवणाबरोबर घेतात. नानांना ती चालेल का हे मूत्रपिंडाची तपासणी आणि बाकीची औषधं पाहून डॉक्टर ठरवतील. विचारायला काय हरकत आहे?

दिरांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की अ‍ॅस्पिरिन इथे चालणार नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना आवरतं. हृदयाच्या धमन्यांत त्याचं काम मोठं आहे, पण पायाच्या शिरेतली गुठळी मुख्यतः फायब्रिनच्या धाग्यांच्या जाळ्याची असते आणि तिच्या उपचारात अ‍ॅस्पिरिन या गोळीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही एकत्र दिलीत तर रक्तस्राव मात्र वाढेल. घरातल्या डब्यातल्या बाकी वेदनाशामक गोळ्यांचंही तेच, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक नानांच्या हाती लागू देऊ नका. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. कुणी हळदीच्या, लसणाच्या कॅप्सूल आणून दिल्या तर त्या आधी डॉक्टरांना दाखवा. फोडणीतला लसूण आणि भाजीतली हळद बिनधास्त चालू द्या.

पत्रात तुम्ही ओघात लिहिलंय की मेथी-पालक सहा आठवडे बंद आहे. ते पथ्य वॉरफरिन किंवा असिट्रोम या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांचं, आणि त्यांनाही पालेभाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. एपिक्साबॅनला ते लागू नाही. उद्याच मेथी आणा. नानांच्या ताटातलं तुम्ही उगाच काढून घेतलेलं काहीतरी परत येऊ द्या.

हिरड्यांचं रक्त आणि दंडावरचा डाग यांना नाना घाबरले, ते साहजिक आहे. पण तेवढ्यावरून गोळी बंद करायची नसते. मऊ ब्रश आणा. दातांच्या डॉक्टरांना दाखवा, बहुतेकदा हिरड्या आधीच सुजलेल्या असतात आणि गोळी फक्त ते उघड करते. दाखवताना गोळीचं नाव आधी सांगा. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एकदा तपासून घ्या, रक्तदाब आटोक्यात आहे ना ते बघा. घाबरायची लक्षणं वेगळी: डांबरासारखी काळी शौचाला होणं, लाल लघवी, उलटीतून रक्त, एकाएकी भयंकर डोकेदुखी, न थांबणारा घोळणा. आणि डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय. गोळी एकाएकी थांबवली तर गुठळीचा धोका उलटून येतो, त्यामुळे थांबवायचीच वेळ आली तर ते डॉक्टर सांगतील.

आता सर्वांत अवघड काम, नानांना सांगायचं.

तुमचे यजमान म्हणतात धक्का बसेल. मी इतकी वर्षं माणसांना वाईट बातम्या देत आले. धक्का बसतो, खरं आहे. पण घरातले सगळे आपण आल्यावर बोलायचं थांबतात, हे म्हाताऱ्या माणसाला आधीच कळलेलं असतं. ‘ही गोळीच मला घेऊन जाईल’ असं नाना म्हणतात, म्हणजे ते घाबरलेले आहेतच. फक्त कशाला घाबरायचं ते त्यांना चुकीचं ठाऊक आहे. शिवाय आजार त्यांचा आहे. तो त्यांच्यापासून किती लपवायचा हे ठरवायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे एकदा यजमानांना शांतपणे विचारा.

सांगायचं काम त्यांच्या मुलाने करावं, तुम्ही नाही. गोळ्या हातात ठेवणारी, पाकीट मोजणारी, टोकणारी तुम्ही, ही बातमीही तुमच्याच तोंडून आली तर तीही कटकटच वाटेल. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर, घाई नसताना मुलाने शेजारी बसावं. आधी चूक कबूल करावी: ‘नाना, आम्ही तुम्हाला अर्धंच सांगितलं, घाबरलो होतो.’ मग पायातली गुठळी छातीपर्यंत गेली होती, लहान होती, वेळेत सापडली, आता ती विरघळायच्या मार्गावर आहे, हे चार वाक्यांत. ज्या माणसाने उभा जन्म वीज मंडळात काढला त्याला तुम्ही त्याच्याच भाषेत सांगू शकता: दिवे लागले म्हणून लाइनवरचा फॉल्ट निघाला असं नाना कधी धरत होते का? तपासणी पूर्ण होईपर्यंत लाइनवर काम करायचं परमिट परत करायचं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? नाना रागावतील. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तो राग योग्य आहे, तो ऐकून घ्या, समजूत घालायला धावू नका.

त्यानंतरही ते नको म्हणाले तर? तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि बोलू द्या त्यांनाच. सगळं समजून नको म्हणणं हा त्यांचा अधिकार आहे. पण माझ्या अनुभवात सगळं समजल्यावर नको म्हणणारे फार थोडे असतात.

लग्नाचं एवढंच सांगते: माझ्या मताने त्यांना न्यावं. तोवर नऊ आठवडे झाले असतील. गोळ्या नियमित असतील, जिना चढताना धाप नसेल आणि त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर नातीच्या लग्नाला आजोबांनी घरी बसण्याचं कारण मला दिसत नाही. यंदा राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, त्यांची चुकली, ते तुम्ही लिहिलंयच. मोटारीतून पाय मुडपून दिवसभर बसण्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी, खालचा बर्थ घ्या. जागे असतील तेव्हा तासाभराने डब्यात एक फेरी, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली, पाणी भरपूर. गोळ्या मोठ्या बॅगेत नको, नानांच्या खिशात हव्या, आणि त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी: गोळीचं नाव, मात्रा, कधीपासून, डॉक्टरांचा फोन. मंडपात गर्दीत धक्काबुक्कीपासून जपा. नाचायचं म्हणाले तर थोडं नाचू द्या, पोटरीला ते चांगलंच.

मेच्या सुरुवातीला तीन महिने भरतील. तेव्हा गोळी आपोआप थांबवू नका आणि आपोआप पुढेही नेऊ नका. डॉक्टरांना विचारा की गुठळीला आजारपण आणि अंथरूण हे ठळक कारण होतं, तर आता थांबवायची का? पायात किती उरलंय? श्वासाचं काय? मधल्या काळात दर आठवड्याला डी-डायमर, म्हणजे गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणी, करत बसू नका. २०२१ मध्ये रात्री-अपरात्री मला फोन यायचे, ‘मॅडम, डी-डायमर ८०० आलाय.’ तो आकडा संसर्गाने वाढतो, वयाने वाढतो, ऑपरेशनने वाढतो. पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून येणारा आकडा बरेच डॉक्टर मर्यादा म्हणून धरतात, म्हणजे नानांना ५०० ऐवजी ७१०. त्यात दोन प्रयोगशाळांची एककं वेगळी असली तर तेच रक्त एकीकडे दुप्पट दिसतं. गुठळी नाही हे सांगायला ही तपासणी चांगली, आहे हे सांगायला कच्ची.

शेजारच्या काकूंनी कोविडच्या लशीला दोष दिला, तेही तुमच्या मनात आहे. लशीनंतर गुठळ्या होण्याचा तो फार दुर्मीळ त्रास लस घेतल्यावर काही आठवड्यांत होतो आणि त्यात प्लेटलेट्स घसरतात. नानांची लस काही वर्षांपूर्वीची आहे आणि तुम्ही पाठवलेल्या अहवालात त्यांच्या प्लेटलेट्स ठीक आहेत. उलट पुढच्या हंगामाआधी त्यांना फ्लूची लस द्यायची का, हे मेमधल्या भेटीत नक्की विचारा. तुम्हीही घ्या, शाळेतून तोच विषाणू घरी येतो.

आणि नानांशी बोलणं झालं की त्या रविवारपासून पाकिटातल्या गोळ्या मोजायचं काम सोडा. ते नानांनाच द्या. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर त्यांच्या खोलीत लावा, सकाळ-संध्याकाळची खूण त्यांनी स्वतः करावी. आयुष्यभर ज्यांनी मीटरच्या नोंदी तपासल्या ते स्वतःची एक नोंद चुकवणार नाहीत. त्या रविवारच्या आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, साड्यांखालची ती फिल्म काढून यजमानांच्या हातात द्या. नाना ती खिडकीच्या उजेडात धरून बघायला मागतील, तेव्हा कुठे काय दिसतंय ते त्यांना दाखवता यावं, म्हणून अहवालही सोबत ठेवा.